पाचव्या घरचा जोगवा

६ ऑगस्ट, मंगळ.

गिरणीतून दळण घेऊन आले तर दार उघडंच. हॉलमध्ये, देव्हाऱ्याच्या बरोबर समोर, अनघा गुडघ्यांवर बसलेली. मान पुढे, गळ्यावर लाल ओढणी. मी चपला काढते आहे तोवर तिनं ओढणी झटक्यात ओढली आणि मान खांद्यावर टाकली. डोळे उघडेच. माझा एक पाय बाहेरच राहिला.

"आई, घाबरलात? प्रॅक्टिस चाललीय."

म्हटलं, कसली?

"रेणुकेचा वध."

आपली कुलस्वामिनी. माहूरची. आणि सुनेच्या तोंडी 'वध', तोही मंगळवारी, तोही देवीच्या टाकासमोर. पीठ डब्यात भरताना निम्मं ओट्यावर. झाडून घेतलं, चाळून ठेवलं, भाकरीला चालेल.

दिवा लावताना टाकाकडे नीट बघवेना.

७ ऑगस्ट, बुध.

जेवताना विषय काढला. अनघा ज्यांच्याकडे नाच शिकते त्या पद्मजागारू (इथे तेलुगुत मानानं 'गारू' लावतात) नवीन नाटक बसवताहेत, सगळं नाचातून. ज्यांच्यावर अन्याय झाला अशा बायका. अहल्या, अंबा, रेणुका. पंचवीस तारखेला, रविवारी, आपल्या मराठी मंडळाच्याच हॉलमध्ये. रेणुका अनघाकडे.

हे म्हणाले, "मग आपल्याला पास ना?" रेल्वेतून रिटायर झाले, पासाची सवय काही रिटायर होत नाही.

मी म्हटलं, देवीचं असं चारचौघांत दाखवू नये.

अनघा : "आई, गोष्ट तुमच्याच पोथीतली आहे. मी पदरचं काही घातलं नाही."

ते खरं. पण पोथी आपण अंघोळ करून, पाटावर बसून वाचतो. मान तोडून दाखवत नाही.

प्रसादचा जर्मनीहून फोन. त्याला सांगितलं. म्हणाला, "आई, तू तिच्या डान्समध्ये पडू नकोस, प्लीज." म्हणजे बायकोनं आधीच सांगून ठेवलंय.

९ ऑगस्ट, शुक्र.

नागपंचमी, वर श्रावणातला शुक्रवार. आज काही चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. पुरणाची दिंडं उकडली. विळी, सुऱ्या कालच कपाटात टाकल्या.

अकराला पार्सल. अनघानं हॉलमध्येच फोडलं. आत परशू. लाकडी, वर चंदेरी कागद, पण पातं अगदी हुबेहूब. तिनं हौसेनं हवेत फिरवला. म्हटलं, अगं, आज! ती म्हणाली, "आई, लाकूड आहे हो." आणि टेबलावर ठेवून मीटिंगला बसली. मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून गॅलरीत वॉशिंग मशिनमागे.

जिवतीची पूजा करायला बसले आणि रडूच आलं. लेकरांच्या आयुष्यासाठी पूजा, आणि घरात आईवर चालवायचं हत्यार. प्रसाद एवढा लांब. ह्या दोघांच्या लग्नाला चौथं वर्ष, मी काही विचारत नाही, पण मनात असतंच ना. देवी कोपली तर कुणावर कोपेल?

बोलले. "माय, हा प्रयोग होऊ देऊ नकोस. नाही झाला तर पाच घरी जोगवा मागीन." सासूबाई गेल्या तेव्हापासून ह्या घरात कुणी परडी हातात घेतलेली नाही. तोंडातून निघून गेलं.

संध्याकाळी भजनाला. मन हलकं करायला शकुंतलावैनींना सांगितलं, आमच्या सुनेचं असं असं आहे. नवसाचं सांगितलं नाही. वैनी म्हणाल्या, "अगोबाई, देवीचं मुंडकं स्टेजवर?" आणि टाळ खालीच ठेवले. उगीच बोलले असं तेव्हाच वाटलं.

हिशेब : खोबरं, गूळ, फुलं, पार्सलवाल्याला पाणी आणि एक दिंड.

१३ ऑगस्ट, मंगळ.

अनघाची मान अवघडली. वळवता येईना. मी बाम चोळत होते. पाय मुरगळतो, कंबर धरते. ह्या पोरीची मानच का धरावी?

"आई, एसीखाली झोपले म्हणून. तुम्ही काय भलतंच मनात आणताय, मला कळतंय हां."

कसं कळतं हिला?

रात्री ह्यांना म्हटलं, नवस बोलले आहे. हे उशी ठोकत म्हणाले, "नारळाचा ना? बरं." मी पुढचं सांगितलं नाही.

१५ ऑगस्ट, गुरु.

आज लिहायला हात वेगळाच चालतोय.

सुट्टी, म्हणून त्यांची दिवसभर प्रॅक्टिस. अनघा डबा विसरली. बरकतपुरा काही लांब नाही, चालत गेले, रिक्षा कशाला. पद्मजागारूंचं जुनं घर, मागे अंगण, त्यावर पत्रे, तिथेच क्लास. डबा ठेवून निघणार, तेवढ्यात पद्मजागारू म्हणाल्या, "कूर्चोंडी अम्मा, कूर्चोंडी," आणि खुर्ची पुढे केली. बसले. दोन मिनिटं म्हणून.

रेणुका पाणी आणायला जाते तो भाग. रोज नदीच्या वाळूचा घडा करायचा आणि त्यात पाणी भरून आणायचं. पुण्याईनं तो टिकतो. अनघाच्या कमरेवर काही नव्हतं, पण चालत होती ती अशी की माझी कंबर भरून आली. गौलीगुड्याला राहत होतो तेव्हा नळ खाली, आम्ही वर. लग्नानंतरची ती वर्षं. सांडलं तर सासूबाई बोलायच्या नाहीत, नुसत्या जिन्याकडे बघायच्या. अनघा तशीच बघत होती, पायाखाली, पुढे, पुन्हा घड्याकडे. मग गंधर्व दिसतो. ती काही करत नाही. नुसती मान वळते, थोडीशी. आणि घडा गेला.

तेवढ्यासाठी.

पोथीत ही ओळ किती नवरात्रं वाचली. तिथे कधी थांबले नाही, पुढचं वाचायचं असायचं. बाप पोरांना सांगतो, आईला मारा. चौघे नाही म्हणतात, त्यांना शाप. पाचवा हो म्हणतो, त्याला वर. ह्यावर आपण हात जोडतो.

वध बघायच्या आत उठले. पण अंगणाच्या दारापाशी उभी राहिले, हे खरं. ओढणी पडली तेव्हा भीती वाटली नाही. दुसरंच काही वाटलं. काय, ते मला...

येताना चुकून चौकाच्या पुढे गेले.

१६ ऑगस्ट, शुक्र.

समोरच्या लक्ष्मीअम्मांकडे वरलक्ष्मीव्रत. वायनम् घ्यायला बोलावलं : ब्लाउजपीस, भिजवलेले हरभरे, केळी. त्यांच्या कलशाला चांदीचा मुखवटा, किती गोड. त्याच्यापुढे बसून मी काय मागितलं? माहूरच्या देवीला सांग, तो नवस मी सहज बोलले होते. एका देवीकडून दुसरीला निरोप. वेडेपणा, पण मागितलं.

घरी आले तर अनघा फोनवर उभी. चेहरा पांढरा. हॉलवाल्यांचा फोन होता. तक्रार आलीय, देवीची विटंबना होणार म्हणून. हॉल देता येत नाही.

"आई, इतक्या आधी कुणाला कळलं हो? अजून पत्रिकासुद्धा छापल्या नाहीत."

मी हरभरे भांड्यात काढत होते. काढतच राहिले.

१७ ऑगस्ट, शनि.

शकुंतलावैनींचा मुलगा मंडळाच्या कमिटीत आहे. हे मला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं.

ह्यांना सगळं सांगितलं. नवस, वैनी, सगळं. ह्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "देवीला कशाला मधे आणतेस? तू शकुंतलावैनींना सांगितलंस, त्यांनी पोराला सांगितलं, पोरानं कमिटीला. सरळ लाईन आहे. मधे एक स्टेशन नाही."

म्हणजे नवस फळला नाही, मीच फळवला?

मग जोगवा मागायचा की नाही?

"तेवढं तुझ्या गुरुजींना विचार. माझ्या डिपार्टमेंटचं नाही."

अनघाला सांगू का विचारलं. म्हणाले, "आत्ता नक्को. पोरगी आधीच तापलीय." बरं वाटलं. बरं वाटलं ह्याची लाज वाटली.

१८ ऑगस्ट, रवि.

देवळात गर्दी ओसरेपर्यंत थांबले. गुरुजींना म्हटलं, एका बाईनं नवस केला, आता तिला तो नको आहे, परत घेता येतो का?

गुरुजी प्रसादाची पानं पुसत होते. "देवीला काय कोर्ट समजली का हो तुमची बाई? आज अर्ज, उद्या माघार?"

म्हटलं, पण ते देवीनं केलंच नाही. एका बाईच्या तोंडातून बाहेर गेलं म्हणून झालं.

"देवी काय स्वतः फोन लावणार? ती कुणाच्या तरी तोंडूनच बोलते. काम झालं की नाही झालं?"

झालं.

"मग फेडायचा."

म्हटलं, आणि फेडला तर ते पक्कं होईल ना? म्हणजे काम?

ते हसले. "बाई कोण आहे?"

मी नमस्कार करून निघाले. प्रसाद घ्यायचा राहिला.

नारळ आणि खण आणला. 'घरखर्चा'त लिहू की 'देवधर्मा'त? हा खण माझ्या चुकीचा आहे, आणि त्या नावाचं खातं माझ्याकडे नाही. कोरंच सोडलं.

२० ऑगस्ट, मंगळ.

सासूबाईंची परडी माळ्यावरून काढली, धुतली, हळदीकुंकू लावलं. निघताना हे म्हणाले, "मी येऊ?" नको म्हटलं. जोगव्याला नवरा कशाला.

आयुष्यात कुणाच्या दारात वाटीभर साखर मागायला गेले नाही. संपली की चहा कोरा. आणि आज परडी घेऊन 'जोगवा' म्हणायचं. पहिल्या दारात आवाजच फुटेना. देशपांडेकाकू सत्तरीच्या, त्यांना बघून कळलं. डोळ्यांत पाणी, ओंजळभर तांदूळ, वर हळकुंड. पायाच पडल्या माझ्या. माझ्या! मला तिथून पळून जावंसं वाटलं.

दुसरं घर, तिसरं. तिसरीकडे नवीन सून, तिनं सासूला हाक मारली, "आई, कुणीतरी डोनेशनला आलंय."

चौथं लक्ष्मीअम्मांचं. त्यांना समजावावं लागलं नाही, त्यांच्याकडे यल्लम्माची, म्हणजे आपल्या रेणुकेचीच, परडी असतेच. तांदूळ घातले आणि मोठ्यांदा विचारलं, "मोक्कु ना अम्मा? कायके वास्ते?" त्यांच्यात नवसाला मोक्कु म्हणतात, एवढं अनघालाही ऐकून माहीत. ती नेमकी जिना चढत होती.

"आई? कसला नवस?"

देवीची परडी हातात घेऊन खोटं बोलता येत नाही. सांगितलं. तिथेच, जिन्यात.

"म्हणजे हॉल... तुम्ही?"

देवीनं, असं म्हणणार होते. म्हटलं, मी शकुंतलावैनींना बोलले.

"माझ्याविरुद्ध नवस केलात."

तुझ्याविरुद्ध नाही गं, तुझ्यासाठी.

"मग मला विचारलं का नाही? मी इथेच होते ना. देवीच्या आधी मी होते, आपल्या घरच्या हॉलमध्ये."

लक्ष्मीअम्मांना शब्द कळले नाहीत, पण त्यांनी दार हळूच लावून घेतलं.

पाचवं घर राहिलं. परडी तशीच देव्हाऱ्यापाशी. पाच घरचं झाल्याशिवाय शिजवायचं नाही.

२१ ऑगस्ट, बुध.

अनघा बोलत नाही. दार लावून काम. जेवण बाहेरून मागवते. पिशव्या नीट घडी करून ठेवते, माझी सवय माहीत आहे म्हणून. त्यानं जास्त लागतं.

वांग्याची भाजी उरली. दुपारी आम्ही दोघांनी तीच, संध्याकाळीही तीच.

२३ ऑगस्ट, शुक्र.

जोगव्याचा वार होता, मंगळ नाही तर शुक्र. गेले नाही. मनात एकच : पाचवं घर केलं की देवीचं देणं पूर्ण आणि प्रयोग गेला तो गेलाच. नाही केलं तर... तर नवस अर्धा. अर्धा नवस म्हणजे देवीला दारात ताटकळत ठेवणं. तांदळात आज एक किडा दिसला. काढून टाकला. किडा काढायला हात लावला तर चालतं का, तेही कुणाला विचारू.

भजनालाही गेले नाही. शकुंतलावैनींचा फोन : "तब्येत बरी आहे ना? तुमचं काम आम्ही केलं हो." माझं काम!

२५ ऑगस्ट, रवि.

आज व्हायचा होता.

अनघानं सकाळपासून कपाट आवरलं. लाल साडी घडी घालून वरच्या कप्प्यात. मी दारातून बघितलं, मी बघितलेलं तिनं बघितलं. दुपारी प्रसादचा फोन तिला, आतून आवाज : "नाही रे, त्या वाईट नाहीत. तोच तर प्रॉब्लेम आहे."

किती वेळ भिंतीला टेकून उभी होते.

२७ ऑगस्ट, मंगळ.

काल गोकुळाष्टमीचा उपास. आज दहीकाल्यावर सोडला आणि ठरवलं. परडी घेतली, बरकतपुऱ्याचा रस्ता धरला. वाटेत रिक्षावाल्यानं विचारलं, "किधर कू, अम्मा?" मान हलवली. जोगव्याला चालतच जायचं.

पाचवं घर पद्मजागारूंचं.

त्या अंगणात दोन पोरींना ताल देत होत्या. मला बघून, "अंदर आओ ना अम्मा, बाहर कायकू खड़े?" म्हटलं, आत येता येत नाही. आणि म्हटलं, जोगवा.

त्यांनी परडीकडे बघितलं, चपला काढल्या. तालाची काठी बाजूला. "हमारी नानी के पास भी थी," म्हणाल्या. आत जाऊन मूठभर तांदूळ, हळद घेऊन आल्या. मी परडी मागे घेतली. म्हटलं, आधी ऐका. आणि हिंदी, तेलुगु, मराठी जे तोंडात येईल त्यात सगळं सांगितलं.

त्यांची मूठ हवेतच. पोरी बघत होत्या.

"मतलब मैं ये चावल डाली, तो आपका नवस पूरा?"

हौ.

"और हमारा हॉल गया सो पक्का?"

ते मला माहीत नाही, म्हटलं. गुरुजी हसले, सांगितलं नाही.

मला वाटलं, आता तांदूळ परत आत नेतील. मीही तसंच केलं असतं. मग त्यांनी मूठ परडीत उघडली. "देवी को कायकू भूका रखना. उनो क्या करी?"

मी वाकले तर हात धरला. घट्ट. "नक्को अम्मा. पैर नक्को. आप एक काम करो. जिनको जिनको बोले ना, उनको लेके आओ. सबको. हॉल नहीं तो इधरीच करेंगे, इस आंगन में, शनिवार को."

म्हटलं, त्या आल्या आणि गोंधळ केला तर?

"तो करेंगे. देखके करेंगे ना? अब्बी तो बिना देखे करे."

घरी आले, पाची घरचे तांदूळ एकत्र करून शिजवले, नैवेद्य दाखवला. ह्यांनी खाल्ला. अनघाचं ताट झाकून ठेवलं, हाक मारली नाही. साडेआठला आपणच आली. ताटावरचं झाकण काढलं.

"ह्यात माझ्याविरुद्धचे पण आहेत ना?"

आहेत.

उभ्या उभ्याच खाल्ले. म्हणाली, "मीठ कमी आहे." मी मीठ दिलं. एवढंच.

२८ ऑगस्ट, बुध.

शकुंतलावैनींकडे गेले. त्यांनी चहा टाकला, मी नको म्हटलं नाही. सांगितलं, शनिवारी पाच वाजता, तुम्ही सगळ्याजणींनी यायचं.

"कुठे? तिथे? अहो, तुम्हीच तर..."

हो, मीच. मी न बघता बोलले. नंतर बघितलं.

"आणि काय दिसलं एवढं?"

मला सांगता येईना. घडा फुटतो ते सांगितलं. मान थोडी वळते ते सांगितलं. वैनी कपबशी पुसत होत्या, पुसून झाली तरी पुसत होत्या. त्यांचे यजमान पंधरा वर्षांपूर्वी एका लग्नात चारचौघांसमोर त्यांना काय बोलले होते, का बोलले होते, मला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे की मला माहीत आहे. तो विषय आम्ही कधी काढला नाही.

"बघते," म्हणाल्या. "मुलाला विचारते."

मुलाला!

३० ऑगस्ट, शुक्र.

शेवटचा श्रावणी शुक्रवार. पुरण घातलं. सगळं केलं, लक्ष कशात नाही.

सकाळी पद्मजागारूंना कुणाचा तरी फोन, नाव सांगितलं नाही. "घर में करे तो भी हम आते," एवढंच. अनघानं हे मला आपणहून सांगितलं, दहा दिवसांनी एवढं मोठं वाक्य. मी म्हटलं, मग बंद ठेवायचं का? ती म्हणाली, "पद्मजामॅम म्हणतात, या म्हणावं, खुर्च्या कमी आहेत, सतरंजीवर बसा."

हे हसले. मला हसू आलं नाही. पोरींना काही लागलं तर? दगडबिगड? ह्यांना म्हटलं, तुम्ही दाराशीच बसा. "मी? माझ्या ह्या गुडघ्यांनी मी कुणाला अडवणार? फार तर तिकीट विचारीन."

दुपारी अनघा देव्हाऱ्यासमोर बसली होती. प्रॅक्टिस नव्हे, नुसती. म्हणाली, "आई, मुलानं वर मागितला आणि ती पुन्हा जिवंत झाली. मग तिला आठवत असेल?"

पोथीत आहे, तिला काही आठवलं नाही. मुलानं तसाच वर मागून घेतला होता. मी तसं सांगितलं.

"तुम्हाला खरं वाटतं?"

टाकाकडे बघितलं. म्हटलं, वाटायचं.

उठताना तिनं माझ्या खांद्याचा आधार घेतला. तिला आधाराची गरज नव्हती. असं मला वाटलं, नसेलही तसं.

रात्री शकुंतलावैनींचा मेसेज : "उद्या आम्ही सगळ्याजणी येतो. मुलगाही येतोय." बाकी काही नाही. कशा येताय, कशाला येताय, काही नाही. ह्यांना वाचून दाखवला, दोनदा. म्हणाले, "येतो म्हणजे येतो." अनघाला दाखवला नाही. मग दाखवला. आता न सांगण्याची भीती जास्त वाटते.

तिनं वाचला. "बरं," म्हणाली. "तुम्ही कुठे बसणार?"

त्यांच्यात, म्हटलं.

३१ ऑगस्ट, शनि.

पहाटेपासून झिमझिम. पत्र्यांवर वाजेल, घुंगरू ऐकू येतील की नाही. दडपे पोहे केले, कुणी खाल्ले नाहीत. अनघा केळं खाऊन सकाळीच मेकअपसाठी गेली ती तासाभरानं परत, मोठी पिन विसरली होती. पुन्हा गेली. पद्मजागारूंच्या गल्लीच्या तोंडाशी दोन माणसं मोटरसायकल लावून उभी आहेत म्हणाली. असतील कुणाचीही. चहाचं दुकान आहे तिथे.

घरातल्या चार सतरंज्या बांधून ठेवल्या. खालच्यांची एक मागितली. मागायचं आता काही वाटत नाही.

साडी कुठली नेसू ठरेना. शेवटी रोजचीच, धुतलेली. भजनाच्या बायका देवळात जाताना नेसतात तशा नेसून येतील. त्यांच्या मध्ये बसायचं. ओढणी पडेल तेव्हा कुणी उठलं तर तिचा हात धरून खाली बसवायचं. मला जमेल? वैनींचा हात मी आजवर हळदीकुंकवापुरता धरलाय.

निघायच्या आधी देवापुढे उभी राहिले. निरांजन लावलं. एरवी हात जोडले की तोंड आपोआप चालू होतं : प्रसादला सुखी ठेव, ह्यांचे गुडघे, अनघाची कूस, पाऊसपाणी. आज हात जोडले आणि ओठ मिटून घेतले. प्रयोग नीट होऊ दे, एवढंच म्हणायचं होतं. पण मागच्या वेळी असंच एवढंच म्हटलं होतं. काय मागितलं म्हणजे काय होतं, ते मला कळत नाही हे कळलंय. देवीनं बघितलं माझ्याकडे, मी तिच्याकडे. दोघी गप्प.

हे खालून हाका मारताहेत, रिक्षा थांबलीय. सतरंज्यांची वळकटी एकटीला उचलत नाही.